लोकल चॅनलचं रात्री साडेआठचं बुलेटिन: गटार, पाणी आणि मधेच तिसरं महायुद्ध

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका दिवसाच्या रागातून लिहिलेला नाहीये. आमच्याकडे हे बुलेटिन कित्येक वर्षं रोज लागतं आणि त्याचं कारण बाबा. फोनवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, पेपर म्हणजे कालच्या बातम्या, आणि मोठी न्यूज चॅनल्स लावली की पाच मिनिटांत म्हणतात ही माणसं बातम्या सांगतायत का भांडतायत. त्यामुळे त्यांचं जग साडेआठला सुरू होतं आणि नऊला संपतं. चॅनलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एकतर तिथलं एक पोरगं आता ओळखीचं झालंय (कसं ते पुढे येईल) आणि दुसरं म्हणजे असं एक लोकल चॅनल सगळीकडेच असतं, तुम्ही आपापलं धरून वाचा.

बुलेटिन अर्ध्या तासाचं, पण जाहिराती वजा केल्या की हातात 22 मिनिटं राहतात. मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो, रिकामटेकडा म्हणा हवं तर. त्या 22 मिनिटांत हेडलाइन्स, रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, एखादा अपघात, एखादी चोरी, कोणाचा तरी सत्कार, हवामान. पूर्वी एवढंच होतं आणि खरं सांगतो, बरं होतं. अँकर बाई नीट बोलतात, ओरडत नाहीत, रिपोर्टर चिखलात उभा राहून बोलतो तेव्हा त्याचे बूट खरंच चिखलाचे असतात. या लोकल भागाला माझे 4 स्टार, त्यावर वाद नाही.

वाद आहे तो नवीन आलेल्या जगाच्या सेगमेंटवर. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हापासून हे सुरू झालं. आधी दोन मिनिटं, मग चार, आणि एखादं मोठं काही झालं की अर्धं बुलेटिन तिकडेच. आमच्या बिल्डिंगमध्ये यावरून सरळ दोन पार्ट्या आहेत. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात लोकलवाल्यांनी आपली गटारं बघावीत, जग बघायला शंभर चॅनल्स आहेत. बाबा म्हणतात मला कळायला नको का कुठे काय चाललंय. मी दोघांच्या मधे, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

सुरुवात चांगली झाली होती हे मान्य करायला पाहिजे. 24 फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं आणि दोन दिवसांत चॅनलने शोधून काढलं की आमच्याच भागातली एक मुलगी खारकिवला मेडिकलला आहे आणि मेट्रो स्टेशनमध्ये खाली जाऊन बसलीये. तिचा फोनो घेतला, म्हणजे फोनवरूनच मुलाखत. आवाज तुटत होता, मागे लहान मूल रडत होतं, आणि ती सांगत होती की फोन 14 टक्क्यांवर आहे, चार्जिंगचा एकच पॉइंट आहे आणि त्याला रांग आहे, म्हणून आईबाबांशी रोज दोनच मिनिटं बोलते. बस. त्या 14 टक्क्यांनी मला जे कळलं ते त्या आठवड्यात बघितलेल्या कुठल्याही रणगाड्याने कळवलं नाही. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही, उलट कमी केला, जणू काही तिला त्रास होईल.

आणि लगेच पुढच्या प्रश्नाला माती केली. अँकरने विचारलं तुम्ही नक्की कुठल्या स्टेशनवर आहात, कुठल्या गेटने आत आलात, किती जण आहात. लाइव्ह! अहो बाई, बाहेर बॉम्ब पडतायत आणि तुम्ही पत्ता विचारताय. मुलगी शहाणी होती, म्हणाली ते नको सांगायला. त्यानंतरचा प्रश्न होता, कसं वाटतंय. आता यावर काय बोलायचं. पण तरी, मी त्या दिवशी या सेगमेंटला पूर्ण मार्क दिले असते, कारण ती बातमी फक्त हेच चॅनल देऊ शकत होतं. जगातल्या कुठल्याही मोठ्या चॅनलला त्या मुलीचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं.

मग आली 6 फेब्रुवारी 2023 ची रात्र. तुर्कस्तान आणि सीरियात पहाटे 4 वाजून 17 मिनिटांनी 7.8 चा भूकंप झाला होता, नऊ तासांनी दुसरा 7.5 चा. दोन्ही देशांत मिळून पुढे 50,000 च्या वर माणसं गेली. एवढी मोठी घटना, बुलेटिनमध्ये यायलाच पाहिजे, याबद्दल काकांचंही काही म्हणणं नसावं. पण कशी आली? सलग नऊ मिनिटं. आणि त्या नऊ मिनिटांत एकच बिल्डिंग अकरा वेळा पडली. मी मोजलं. उभी असते, वाकते, धूळ, लोक पळतात, परत उभी असते. कोपऱ्यात लिहिलेलं एक्स्क्लुसिव्ह. कसलं एक्स्क्लुसिव्ह, तेच दृश्य मी दुपारी फोनवर तीन ठिकाणी बघितलं होतं. सीरिया हा शब्द नऊ मिनिटांत एकदा आला, तोही पट्टीत. दुसऱ्या भूकंपाचा उल्लेखच नाही, त्यामुळे बाबांना वाटलं की सगळ्या बिल्डिंगा पहाटेच पडल्या.

आणि गंमत पुढे आहे. त्याच नऊ मिनिटांत खालच्या पट्टीत एक ओळ सरकून गेली की उद्या सकाळी दुरुस्तीसाठी पाणी बंद. एरवी ही बातमी अँकर दोनदा वाचते, वेळेसकट, भागांच्या नावांसकट. त्या दिवशी ती पडणाऱ्या बिल्डिंगच्या खालून निघून गेली. सकाळी नळ कोरडे, अख्ख्या बिल्डिंगमध्ये बोंबाबोंब, आणि वरचे काका जिन्यात उभे राहून मला म्हणतात, काय, कळलं का जगात काय चाललंय ते?

तेव्हा मी चिडून चॅनलला मेल केला. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण चार दिवसांनी फोन आला, डेस्कवर काम करणारं एक तरुण पोरगं. आवाज दमलेला. म्हणाला दादा, मेल वाचला, तुमचं बरोबर आहे, पण ऐका. रात्रीच्या डेस्कवर आम्ही दोघंच असतो. परदेशी एजन्सीचं, म्हणजे बातम्या विकणाऱ्या संस्थेचं, फीड येतं, दृश्यं कापलेली, सोबत शॉटलिस्ट (कुठलं दृश्य कशाचं त्याची यादी), स्क्रिप्ट, सगळं तयार, फक्त भाषा बदलायची आणि आवाज द्यायचा. रस्त्यावरच्या खड्ड्याची बातमी करायची तर रिपोर्टर लागतो, कॅमेरामन लागतो, गाडी लागते, अधिकाऱ्याचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं, लागतो आणि तो फोन उचलत नाही. दिवस जातो आणि दीड मिनिटाचं पॅकेज, म्हणजे तयार बातमी, होतं. युद्धाला एक एडिटर पुरतो, अर्ध्या तासात पाच मिनिटं भरतात.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. मी इतके दिवस समजत होतो की जगाच्या बातम्या दाखवणं म्हणजे चॅनलची उडी मोठी, नजर लांबची, महत्त्वाकांक्षा वगैरे. उलटंच निघालं. लोकल चॅनलसाठी जगाची बातमी सगळ्यात स्वस्त असते आणि स्वतःच्या गल्लीतली सगळ्यात महाग. काकांना जो आजार वाटत होता, म्हणजे यांना जगाचं वेड लागलंय, तो आजार नाहीच. माणसं कमी आहेत आणि जागा भरायचीये, एवढाच मामला आहे.

एजन्सीचं फीड वापरणं यात काही पाप नाही, हेही सांगतो, नाहीतर उगाच कोणी म्हणेल बघा सगळं उचललेलं. बातम्या अशाच चालत आल्यात. असोसिएटेड प्रेस 1846 मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरांनी मिळून काढली ती याचसाठी, की प्रत्येकाने आपापला माणूस लांब पाठवण्यापेक्षा खर्च वाटून घेऊ. रॉयटर्स 1851 ची. कुठलंही लोकल चॅनल तुर्कस्तानात माणूस पाठवू शकत नाही आणि पाठवूही नये. माझी तक्रार एवढीच की विकत आणलेल्याला एक्स्क्लुसिव्ह म्हणू नका, आणि एक मिनिटाचा ऐवज नऊ मिनिटं ताणू नका.

फीडवर अवलंबून राहिलं की आणखी एक होतं. मोठी घटना म्हणजे काय हे आपण ठरवत नाही, फीडमध्ये ज्याची दृश्यं भारी ती घटना मोठी. सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 पासून युद्ध चालू आहे, एक कोटीहून जास्त लोक घर सोडून पळालेत, आमच्या बुलेटिनमध्ये मी सुदान ऐकलाय तो मोजून दोनदा. तिथे कॅमेरे पोचत नाहीत, दृश्यं नाहीत, मग बातमी पण नाही. उलट कुठल्यातरी लांबच्या शहरात गोदामाला आग लागली, कोणी मेलं नाही, पण ज्वाळा झकास, की चार मिनिटं. हे काही आजचं नाही म्हणा. 1965 मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या दोन अभ्यासकांनी नॉर्वेच्या पेपरांमध्ये काँगो, क्यूबा आणि सायप्रसच्या बातम्या कशा येतात ते तपासून लिहिलं होतं, त्याचा सार असा की बडा देश, बडा माणूस, ओळखीची संस्कृती आणि वाईट घटना असेल तर बातमी पटकन आत येते, बाकीचे दारात उभे. साठेक वर्षं झाली, दार तेच आहे.

बरं, आता चॅनलच्या बाजूने बोलतो, कारण त्याच भूकंपावर त्यांनी पुढच्या आठवड्यात जे केलं ते मी बघितलेलं त्यांचं सगळ्यात भारी काम आहे. माझ्या मेलमुळे केलं असं मी म्हणत नाही, पण मनात म्हणतो.

एक स्ट्रक्चरल इंजिनिअर घेतला आणि त्याला स्टुडिओत न बसवता एका जुन्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं केलं. तो म्हणाला तुर्कस्तानात नियम नव्हते असं नाही, 1999 च्या इझमितच्या भूकंपानंतर नियम चांगले कडक झाले होते, पण एकीकडे ते पाळले गेले नाहीत आणि दुसरीकडे सरकारने वेळोवेळी बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करून दिली, 2018 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर तर फार मोठ्या प्रमाणावर. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि मागच्या खांबावर ठोकली. टक टक टक, आणि एका जागी आवाज बदलला, पोकळ. अजून एकदा ठोकलं तर तळहाताएवढं प्लास्टर खाली पडलं आणि आत गंजलेली सळई. कॅमेरा तिथेच थांबला. कोणी काही बोललं नाही तीन-चार सेकंद. मग तो म्हणाला वर भिंती आहेत म्हणून वरचे मजले घट्ट, खाली पार्किंग म्हणून नुसते खांब, याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात, भूकंपात पहिला हाच मजला बसतो, आणि तिकडे ज्या बिल्डिंगा वरच्या वर शाबूत आणि खालचा मजला गायब अशा दिसत होत्या ना, त्या याच.

साडेतीन मिनिटं होतं ते. त्यात तुर्कस्तानचं दृश्य जेमतेम 20 सेकंद. पण त्या अकरा वेळा पडलेल्या बिल्डिंगने जे सांगितलं नव्हतं ते त्या किल्लीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये मी स्वतः तीन जणांना खांब ठोकताना पाहिलं, त्यातले एक वरचे काका. सोसायटीची मीटिंग लागली, ऑडिट करायचं ठरलं, ऑडिट झालं का हा वेगळा आणि दुःखाचा विषय, तो इथे नको.

तर माझं मोजमाप तेव्हापासून हे आहे: त्या बातमीसाठी ऑफिसातून कोणी बाहेर पडलं का? पडलं असेल तर बातमी युक्रेनची असो नाहीतर चिलीची, ती लोकल बातमी आहे, दाखवा, खुशाल दहा मिनिटं दाखवा. नसेल पडलं तर एक मिनिट, नीट, खरं, कुठे, कधी, किती, आणि पुढे चला.

काकांचा मुद्दा सोडून देत नाही, कारण तो दिसतो तेवढा साधा नाही. त्यांचं म्हणणं कामाची वाटणी करा. आणि बाहेर असं चालतंही. ब्रिटनमध्ये बीबीसी वनवर संध्याकाळी सहाला देशाच्या आणि जगाच्या बातम्या, त्यानंतर साडेसहाला प्रत्येक भागाचं वेगळं बुलेटिन. अमेरिकेतही लोकल स्टेशन आपलं बुलेटिन दाखवतं आणि मग संध्याकाळी नेटवर्कचं राष्ट्रीय बुलेटिन लागतं. दोन दुकानं शेजारी शेजारी, एकमेकांचा माल ठेवायची गरज नाही. कागदावर एकदम मस्त. पण हे चालतं कधी, तर बघणारा दोन्ही बघत असेल तेव्हा. बाबांसारखा एकच लावणारा असेल तर त्याच्यापुरतं जग बंद. आणि बाबांसारखे किती आहेत हे मला माहीत नाही पण संध्याकाळी आमच्या जिन्यातून चढताना चार दारांमागून तोच अँकरचा आवाज येतो.

शिवाय ही वाटणी धरून चाललं की जग तिकडे आहे आणि आपण इकडे, मधे भिंत, असं होतं. 26 डिसेंबर 2004 आठवा. सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला सकाळी आठच्या आसपास. लाट श्रीलंकेला पोचायला साधारण दोन तास लागले, सोमालियाला सातेक तास. म्हणजे सकाळी जी दूर कुठेतरी घडलेली परदेशी बातमी होती ती काही तासांत किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या पायापाशी आली. हिंदी महासागरात तेव्हा इशारा द्यायची यंत्रणाच नव्हती, सव्वादोन लाखांच्या वर माणसं गेली. त्या मधल्या तासांत एखाद्या किनाऱ्यावरच्या लोकल चॅनलने किंवा रेडिओने बाकी सगळं थांबवून समुद्रापासून लांब व्हा एवढं एक वाक्य सतत चालवलं असतं तर? त्या वाक्याला जगाची बातमी म्हणायचं का लोकल?

किंवा एप्रिल 2010 मध्ये आइसलंडचा तो ज्वालामुखी, एयाफ्यात्लायोकुल, (अँकर लोकांची दया आली होती तेव्हा, एकीने तर सरळ "तो ज्वालामुखी" म्हणून वेळ निभावली), राखेमुळे युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर जमिनीवर होती आणि केनियातल्या फुलांच्या मळ्यांवर तोडलेली फुलं फेकून द्यायची वेळ आली, कारण ती रोज विमानाने युरोपला जातात. त्या मळ्यांशेजारच्या लोकल चॅनलसाठी आइसलंड ही पहिल्या नंबरची बातमी. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन नावाचं 400 मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवस, तेव्हा आमच्या चॅनलवर त्याच्यावर विनोद चालले होते, फोटो दाखवून हसणं. एकालाही सुचलं नाही की इथल्या एखाद्या कारखानदाराला विचारावं बाबा तुझा माल कुठल्या जहाजावर आहे.

सगळ्यात टोचणारी गोष्ट जानेवारी 2020 ची. तेव्हा हे सेगमेंट नव्हतंच. वुहानची बातमी बुलेटिनच्या शेवटी, हवामानाच्या आधी, दोन ओळी, चीनमध्ये गूढ ताप. पुढे बरेच आठवडे तेवढंच. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ म्हटलं आणि त्या रात्री अँकर पहिल्यांदा घाबरलेली दिसली. फेब्रुवारीभर वेळ होता, आपल्या दवाखान्यात ऑक्सिजनची सोय किती, व्हेंटिलेटर किती, हे विचारायला कोणीतरी जाऊ शकलं असतं. तेव्हा कोणाला माहीत होतं म्हणाल, खरंय, मलाही नव्हतं. पण विचारायला काय लागतं.

आता फोन. माझ्या मते जगाची बातमी लोकल चॅनलने द्यावी याचं सगळ्यात मोठं कारण फोन आहे आणि याकडे काकांचं लक्षच नाही, जरी ते स्वतःच सगळ्यात मोठे फॉरवर्डवाले. मोठी घटना झाली की बुलेटिनच्या आधी ती फॅमिली ग्रुपवर येते, आणि जी येते ती बहुतेक वेळा भलतीच. युक्रेनच्या वेळी काकांनी पाठवलेला विमान पाडल्याचा व्हिडिओ मी दोन मिनिटांत शोधला तर गेमचा निघाला. अर्मा 3 म्हणून एक गेम आहे, त्यातली दृश्यं खरं युद्ध म्हणून इतकी फिरली की गेम बनवणाऱ्या कंपनीला नोव्हेंबर 2022 मध्ये स्वतःहून सांगावं लागलं की बाबांनो हे आमचं आहे, खोटं कसं ओळखायचं ते घ्या. आणि याला टीव्हीवाले फसत नाहीत असं समजू नका, ब्रिटनच्या आयटीव्हीने 2011 मध्ये एका माहितीपटात त्याच घराण्यातल्या आधीच्या गेमचं दृश्य खरं म्हणून दाखवलं होतं आणि तिथल्या नियामकाचा ठपका घेतला होता. एवढ्या मोठ्यांची ही गत.

अशा वेळी लोकांना विश्वास कोणावर असतो? ओळखीच्या चेहऱ्यावर. आमची अँकर बाजारात दिसली तर लोक हाक मारतात. तिने साडेआठला शांतपणे सांगितलं ना की सकाळपासून फिरतोय तो व्हिडिओ या घटनेचा नाही, तर ते काकांना पटेल, मी सांगून नाही पटत, मी फक्त शेजारचं पोरगं. ही पत चॅनलकडे आहे आणि ती त्यांनी गटारांच्या बातम्या वर्षानुवर्षं खऱ्या देऊन कमावलीये. ती एक्स्क्लुसिव्हची पट्टी लावून उडवायची म्हणजे, जाऊ दे.

बाकी किरकोळ. युद्धाची बातमी असली की अँकरच्या मागे पडद्यावर लढाऊ विमानं घिरट्या घालतात आणि खालून आगीच्या ज्वाळा, त्याला जोडून ढोल-ताशासारखं काहीतरी म्युझिक, बाबा श्रवणयंत्र काढून ठेवतात. जुनी दृश्यं दाखवताना फाइल फुटेज असं लिहीत नाहीत, किंवा इतक्या बारीक अक्षरात लिहितात की लिहिलं काय न लिहिलं काय. नकाशे कधीकधी चुकतात, एकदा सायप्रस दाखवताना बाण क्रेटवर होता. गावांची नावं रोज वेगळी, सोमवारचं गाझियान्टेप मंगळवारी गाजीयनटेप आणि बुधवारी सरळ "संबंधित शहर".

पण रविवारी एक दोन मिनिटांचं असतं, "हे कुठं आहे?", ते चुकवू नका. त्यात पडद्यावरचे ग्राफिक्स नाहीत, अँकर टेबलावर खराखुरा पृथ्वीगोल ठेवते, बोट ठेवून दाखवते, इथून इथे विमानाला किती तास, मधे कुठला समुद्र, तिथली भाषा कोणती, आणि आपल्या इथलं कोणी तिथे आहे का. पहिल्या काही भागांत तो गोल इतका जुना होता की त्यावर अजून सोव्हिएत युनियन होतं, 1991 ला संपलेलं. बाबांच्या लक्षात आलं आणि ते इतके खुश झाले की मला दोनदा दाखवलं. बहुतेक अजून कोणीतरी कळवलं असणार, कारण नंतर नवीन गोल आला. बाबांना जुनाच आवडायचा.

डेस्कवरच्या त्या पोराशी आता अधूनमधून बोलणं होतं. मागच्या महिन्यात म्हणाला की एक यादी करायला घेतलीये, इथले कोण कोण बाहेर कुठे आहेत, शिकायला, कामाला, जहाजावर, म्हणजे कुठे काही झालं की फीडच्या आधी फोन करता येईल. यादी वहीत आहे, कॉम्प्युटरवर नाही, कारण कॉम्प्युटर दोघांत एक आहे. किती नावं झाली विचारलं तर म्हणाला साठ-सत्तर, पण दक्षिण अमेरिकेत एकही सापडत नाहीये. मी आमच्या बिल्डिंगमधल्या दोन जणांची नावं दिली, एक मुलगा मालवाहू जहाजावर आहे, एक जण तेलाच्या रिगवर.

तर स्टार. लोकल बातम्यांना 4, हे वर सांगितलंच. जगाच्या सेगमेंटला रोजच्या दिवशी 2, ज्या दिवशी कोणी बाहेर पडलं त्या दिवशी 5, आणि अशा दिवसांची संख्या मी गेल्या वर्षात हाताच्या बोटांवर मोजली, एक हात पुरला. पृथ्वीगोलाला 5. मागच्या ढोल-ताशाला शून्य देता येत नाही, इथे कमीतकमी 1 द्यावाच लागतो. लहान मुलं घरात असतील तर मोठ्या घटनेच्या दिवशी पहिली दहा मिनिटं टाळा, दृश्यं आधी सूचना न देता येतात. आणि पाणी बंद आहे का ते बघायचं असेल तर पट्टीवर विसंबू नका, आठवड्याभरापासून ते परत अँकर वाचतायत, आठ चाळीसच्या आसपास, हवामानाच्या आधी.